एकशे नव्याण्णव केबी

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून आमच्या घरात एक बाई आणि एक वेबसाइट यांचं भांडण चालू होतं. वेबसाइटचं म्हणणं, फोटो दोन एमबीच्या आत हवा. बाई म्हणजे आमची विजया. ती बारा एमबीचा फोटो चढवते, लाल अक्षरं येतात, ती चष्मा पुसते आणि तोच फोटो पुन्हा चढवते. चष्मा पुसल्याने फोटो हलका होईल अशी तिची समजूत असावी. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी उठलो आणि म्हटलं, "सरक. हे तुझं खातं नाही."

प्रकरण असं आहे. दिल्लीतल्या एका खासगी गॅलरीने फोटो मागवलेत. बारा फोटो, ऑनलाइन, शेवटची तारीख सात. त्यातून आठ जणांची निवड आणि मग जानेवारीत प्रदर्शन, भिंतीएवढाले प्रिंट, वगैरे. रिटायर झालेल्या मास्तरणींना असली स्वप्नं दाखवणारे लोक हल्ली पोत्याने मिळतात. विजयाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "फॉर्म तेवढा भरून द्या. फोटो मी निवडलेत." चौतीस वर्षं केंद्र सरकारात काढली, जानेवारीअखेर अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर होईन, आणि घरात माझी किंमत फॉर्म भरून देणाऱ्याची.

फोटो कसले, तर पानिपतच्या विणकरांचे. दिल्लीतला मराठी माणूस पानिपतला वर्षातून एकदा जातो, चौदा जानेवारीला, मंडळाच्या बसने. हार घालायचा, घोषणा द्यायच्या, पुरीभाजी खायची आणि दिवेलागणीला लक्ष्मीबाई नगरात परत. तेवढं पुरे आहे. ही बाई अकरा वर्षं जमेल त्या शनिवारी सकाळच्या गाडीने तिकडे जाते आणि दरी, म्हणजे सतरंजी, विणणाऱ्यांच्या खोल्यांमधून दिवसभर बसते. मंडळातले लोक विचारतात, "वहिनी पानिपतला नेमकं करतात काय?" मी सांगतो, समाजकार्य. खरं सांगायची लाज वाटते.

४ नोव्हेंबर

ह्याला एक्स्पोर्ट म्हणतात. नाव ऐकून वाटावं बंदरातून जहाज निघालंय. प्रत्यक्षात मोठा फोटो दाबून लहान करायचा, बस.

पुष्करला गुरगावला फोन लावला. आमचे चिरंजीव सॉफ्टवेअरमध्ये आहेत. म्हणाला, "बाबा, सिंपल आहे यार. लाँग साइड दोन हजार पिक्सेल ठेवा, क्वालिटी ऐंशी. आणि ओरिजिनल्स वेगळे सेफ ठेवा हां, त्यांना बिल्कुल टच नका करू." मुलगा दिल्लीत वाढला. त्याला 'जपून' हा शब्द आठवत नाही आणि तो मला फाइली कशा ठेवायच्या ते शिकवणार. ज्या माणसाने मंत्रालयाची रेकॉर्ड रूम लावली त्याला. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला.

एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्यात क्वालिटीची एक पट्टी असते, शून्यापासून शंभरपर्यंत. ती सरकवत बसलो. शंभरला फोटो जसा दिसतो तसाच चाळीसलाही दिसतो. मला तरी काडीचा फरक दिसला नाही. ज्यांना दिसतो ते सोंग करत असावेत. विजयाला दाखवलं तर ती म्हणते, "ताण्याचे धागे बघा ना, एकमेकांत गेले." म्हटलं, धागे मोजायला कोण बसलंय?

मी एक निर्णय घेतला. गॅलरीवाल्यांची मर्यादा दोन एमबी आहे. पण आपल्या देशात कुठलंही सरकारी पोर्टल उघडा, दोनशे केबीच्या वर फोटो घेत नाहीत. आज ह्यांनी दोन एमबी म्हटलं, उद्या कुणी दोनशे केबी म्हणेल, की पुन्हा पहिल्यापासून डोक्याला ताप. त्यापेक्षा सगळ्यात कडक नियम धरून चालावं. म्हणून प्रत्येक फोटो एकशे नव्याण्णव केबी. नियमाच्या आत राहणं वेगळं आणि नियमाच्या एवढं आत राहणं वेगळं. हे खासगीत काम करणाऱ्या लोकांना कधी समजणार नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

गुरु नानक जयंतीची सुट्टी सत्कारणी लागली.

बाराच फोटो कशाला, म्हटलं. विजया देवळात गेली तेव्हा तिचं सगळं फोल्डरच प्रोग्रॅमला दिलं. नऊ हजार सहाशे चाळीस फोटो. अकरा वर्षांचा पसारा, आणि पद्धत म्हणाल तर काही नाही, नुसत्या तारखा. प्रोग्रॅमने विचारलं, मूळ फाइलींच्या जागी ठेवायच्या का? म्हटलं, जागी ठेव बाबा, दुसरीकडे कशाला? एकाच्या दोन फाइली झाल्या की गोंधळ सुरू. तेवढी अक्कल मी सेक्शनमधल्या पोरांना रोज शिकवतो.

मूळ प्रतीचा प्रश्न येत नाही. ऑफिसातून एक साधं स्मरणपत्र बाहेर गेलं तरी त्याची ऑफिस कॉपी फाइलला लागते. ओसी म्हणतो आम्ही. ती ठेव असं शिपायालाही सांगावं लागत नाही. एवढ्या महागड्या मशीनला ती नसेल होय?

तीन तास वीस मिनिटं लागली. आधी डिस्कवर एकशे सोळा जीबी भरलेली होती, आता दोन जीबीसुद्धा नाही. वर एक सफाईचा प्रोग्रॅम चालवून उरलंसुरलं झाडून काढलं. संगणकसुद्धा पूर्वीपेक्षा लवकर उघडतो. कुणी कौतुक करणार नाही, म्हणून इथे नोंद करून ठेवतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बारा फोटो चढवले. एका झटक्यात घेतले त्या वेबसाइटने, लाल अक्षर नाही, काही नाही. संपर्कासाठी माझा ईमेल, माझा मोबाइल दिला. विजयाला ईमेल बघायची सवय नाही, आणि उद्या ती नागपूरला चाललीये. तिच्या बहिणीचा, वृंदाचा, गुडघा बदलायचाय. महिनाभर तरी तिकडेच.

संध्याकाळी ती संगणकापाशी बराच वेळ बसली होती. मग बाहेर येऊन म्हणाली, "तुम्ही सगळेच लहान केलेत का?"

"एकूण एक," मी म्हटलं. "नऊ हजार सहाशे चाळीस."

"आणि मूळचे?"

"असतील ना. मशीन ठेवतं."

ती "बरं" म्हणाली आणि आत जाऊन बॅग भरायला लागली. भरलेली बॅग तिने पुन्हा रिकामी केली आणि पुन्हा भरली. बहिणीच्या ऑपरेशनचं टेन्शन घेतलंय. जेवलीही नाही नीट. आभार वगैरे मानण्याची तर आमच्याकडे पद्धतच नाही.

१३ नोव्हेंबर

ह्या शहराची हवा इतकी खराब आहे की खिडकी उघडली तर समोरचा टॉवर दिसत नाही, आणि तरी खालच्या बागेत सकाळी चालणाऱ्यांची जत्रा. निम्मे डायरेक्टर, निम्मे त्यांचे आजार.

विजयाचा रोज संध्याकाळी फोन येतो. वृंदा कशी आहे ते सांगते, मी काय जेवलो ते विचारते, आणि मग दरवेळी शेवटी म्हणते, "आणखी काही?" आज म्हटलं, आणखी काय असणार? गॅस बंद करतो, दूध तापवतो. ती म्हणाली, "बरं. असलं तर सांगा."

१९ नोव्हेंबर, बुधवार

निवड झाली.

दोनशे ऐंशी अर्जांतून आठ, आणि त्यात विजया. कुणी मीनाक्षी नावाची बाई आहे, प्रदर्शन तीच लावते. लिहिते, 'फाइली फार लहान आल्या, तरीही नजर लपत नाही. यामीन मियाँचा फोटो आम्ही प्रवेशदारापाशी लावणार आहोत, पाच फूट रुंद.' यामीन मियाँ म्हणजे तो म्हातारा विणकर. सप्टेंबरात वारला, तेव्हा विजया दोन दिवस गप्प होती. मोठ्या छपाईसाठी सगळ्या बारा फोटोंच्या मूळ फाइली अठ्ठावीसपर्यंत पाठवा, सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर सही करा, असं पुढे.

तिला फोन केला. ती म्हणाली, "पाच फूट?" तिचा तसा आवाज मी फार वर्षांत ऐकला नव्हता. पुष्कर झाला तेव्हा ऐकला असेल. मग म्हणाली, "मूळ फाइली मागितल्या असतील ना त्यांनी?"

"मागितल्यात. उद्या देतो पाठवून."

"बघितल्यात का तुम्ही? आहेत?"

म्हटलं, तू गुडघ्याकडे बघ, फाइलींकडे मी बघतो.

२० नोव्हेंबर

मूळ फाइली नाहीत.

सगळीकडे शोधलं. प्रत्येक फोल्डर, कचऱ्याचा डबा, विजयाचं कपाट. कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं, ती दर शनिवारी रात्री डिस्कवर उतरवून पुसते. प्रोग्रॅमची मदत वाचली. तिथे स्पष्ट लिहिलंय की जागी ठेवल्या तर जुन्या परत मिळत नाहीत. इतकं स्पष्ट लिहिलेलं मी वाचलं नाही. मी, जो दुसऱ्यांच्या नोटमधला स्वल्पविराम काढतो.

ऑफिसला गेलो नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पुष्कर आला. डिस्क घेऊन आम्ही करोल बागेत एका दुकानात गेलो, मोबाइलच्या गल्लीत, जिना चढून वर. तिथल्या माणसाने डिस्क लावली, तासभर काहीतरी केलं आणि म्हणाला, "अंकल जी, डिलीट किया होता तो निकाल देता. आपने तो ऊपर से लिख दिया, फिर झाड़ू भी मार दी."

झाडू मारल्याचं इथे नोंदवून ठेवलंय मी, अभिमानाने.

मेट्रोत पुष्कर म्हणाला, "बाबा, आईला सांगा आजच." म्हटलं, आज वृंदाची फिजिओथेरपी सुरू झालीये, आज कसं सांगणार? तो म्हणाला, "मग मी सांगू?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो राजीव चौकपर्यंत गप्प बसला. उतरताना म्हणाला, "बाबा, तुमचा प्रॉब्लेम काय आहे माहितेय? तुम्हाला बाकी सगळे ढ वाटतात." आजकालच्या मुलांना बोलण्याची पोच नाही.

२४ नोव्हेंबर

विजयाचा फोन. आज तिने स्वतःच विषय काढला. म्हणाली, "मोठ्या फाइली पाठवणं जमत नसेल तर त्यांना तसं कळवा. लहान छापतील. तळहाताएवढे छापले तरी चालतील, लोक जवळ जाऊन बघतील."

मी विचारलं, "जमत नसेल म्हणजे?"

"म्हणजे काही अडचण असली तर."

"कसली अडचण? मी आहे ना."

मग तिचं नेहमीचं, "आणखी काही?" मी नाही म्हटलं.

पाच फूट रुंद ठरलंय आणि ही तळहाताएवढा मागते. कशाचीही हौस कमी करून घ्यायची फार वाईट खोड आहे हिला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मार्ग सापडला. माणसाने धीर सोडू नये.

लहान फोटो मोठा करून देणाऱ्या वेबसाइट आहेत. मशीन स्वतःच्या अकलेने तुटलेलं सगळं भरून काढतं. बारा फोटो टाकले. एकशे नव्याण्णव केबीचे अठरा एमबी झाले. मला तर ते आधीच्यापेक्षा बरे वाटले. भिंतींचे पोपडे गेले, चेहरे उजळले, म्हातारा विणकर दहा वर्षांनी तरुण दिसतो. ही मशीनं हाताला कधी सहा बोटं काढतात असं वाचलं होतं, म्हणून मी बाराच्या बारा फोटोंत बोटं मोजून घेतली. यामीन मियाँचा डावा हात लहान फोटोत पुसट होता, आता पाचही बोटं स्वच्छ. तपासून टिकमार्क केला.

प्रतिज्ञापत्रात लिहिलंय, 'ह्या कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फाइली असून त्यांत कोणताही बदल केलेला नाही.' खाली विजयाची सही हवी होती. पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो. तिची सही मला येते, तिच्या शाळेतून घेतलेल्या कर्जाचे कागद मीच करायचो तेव्हापासून. आणि नाही पाठवलं तर काय? एवढी चालून आलेली गोष्ट माझ्यामुळे जाणार, तीही एका टिचकीमुळे. तिचा तो 'पाच फूट' म्हणतानाचा आवाज कानातून जात नाही. तो मी परत घेऊ शकत नाही.

शिवाय कळणार कुणाला? गॅलरीत येणारे लोक वाइन पितात आणि एकमेकांकडे बघतात. ती मीनाक्षी तिशीची पोरगी असेल, केस रंगवलेली, विणकर तिने सिनेमात पाहिले असतील. विजयाला स्वतःला कळलं तर आश्चर्य. सही केली, पाठवून दिलं.

२७ नोव्हेंबर

मीनाक्षीबाईंचं उत्तर. 'फाइली मिळाल्या, सुंदर आहेत, धन्यवाद.' बघा. सुंदर आहेत.

विजयाला सांगितलं, पाठवल्या. ती म्हणाली, "काय पाठवलंत?" म्हटलं, मागितलं ते. नंतर फोन तिकडून कट झाला. नागपूरचं नेटवर्क पहिल्यापासून असंच आहे.

७ डिसेंबर, रविवार

विजया काल परत आली. वाळली आहे. मी स्टेशनवर घ्यायला गेलो होतो, घरी पिठलं-भात करून ठेवला होता. छान झाला म्हणाली. गाडीत तिने खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "मला काही सांगायचंय का तुम्हाला?" म्हटलं, काय सांगायचं, वृंदाला चालता येतंय हे चांगलं झालं. ती हो म्हणाली.

सांगणार आहे मी. प्रदर्शन होऊन जाऊ दे. एकदा लोकांनी वाहवा केली की तिलाही पटेल.

१० डिसेंबर, बुधवार

तीन वाजता ऑफिसात विजयाचा फोन आला. ती ऑफिसात कधी फोन करत नाही. म्हणाली, "घरी या."

ती टेबलाशी बसली होती. मीनाक्षी काल पानिपतला जाऊन आली होती. ज्यांचे फोटो लावायचे त्यांच्या घरच्यांना आधी प्रिंट दाखवून परवानगी घ्यायची अशी त्यांची पद्धत आहे म्हणे. यामीन मियाँच्या मुलीला, इशरतला, तिने तो मोठा प्रिंट दाखवला. इशरतने बघितला आणि परत दिला. म्हणाली, "मैडम, ये मेरे अब्बा का हाथ नहीं है."

यामीन मियाँच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी लोकर पिंजण्याच्या यंत्रात गेली. उरलेल्या चार बोटांवर ताणा तोलून ते दरी विणायचे, आणि विजयाने तो फोटो काढला होता तो त्यासाठीच. माझ्या मशीनने करंगळी लावून दिली. मी मोजली आणि टिकमार्क केला.

मीनाक्षीने मग बाराही फोटो नीट पाहिले. दरीच्या नक्षीला अर्थ नाही, हत्यारांचे दात वितळलेले, मागे बसलेल्या बाईच्या कानात डूल आहे की कान आहे ते समजत नाही. तिने विजयाला फोन करून विचारलं, "मॅम, मूळ म्हणून सही करून तुम्ही हे का पाठवलंत?"

"मी काय सांगायचं होतं तिला?" विजयाने मला विचारलं.

मी सगळं सांगितलं. पाच नोव्हेंबरपासून. शेवटी ती म्हणाली, "फोटो गेले ते मला माहीत होतं. जायच्या आदल्या संध्याकाळी फोल्डर उघडलं तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी बोलवेना. वृंदाकडे जाऊन दोन दिवस रडले. मग वाटलं, तुमच्या लक्षात येईल तेव्हा तुम्ही सांगाल. रोज विचारत होते मी."

मी म्हटलं, मला तुझं प्रदर्शन वाचवायचं होतं.

"पहिलं तुमच्या हातून झालं," ती म्हणाली. "त्याचं दुःख झालं मला, राग नाही आला. दुसरं तुम्ही केलंत. माझी सही करून. कुणाला कळणार आहे, असं वाटलं ना तुम्हाला? इशरतला तिच्या बापाचा हात कळणार नाही असं वाटलं? मला कळणार नाही असं वाटलं?"

हो, असंच वाटलं होतं. इथे वर लिहिलेलं आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

गॅलरीत जाऊन आलो. विजयाने सांगितलं नव्हतं, मी आपणहून गेलो. टाइप केलेलं निवेदन नेलं होतं, सही माझी, दोन प्रती.

मीनाक्षी तिशीचीच आहे. केस रंगवलेले नाहीत, अर्धे पांढरे आहेत. तिने निवेदन पूर्ण वाचलं, खाली ठेवलं आणि म्हणाली, "सर, आप पर विश्वास है. पर डिक्लेरेशन उनके नाम का है, बाकी सात कलाकारों को मैं क्या जवाब दूँ?" म्हटलं, लहानच छापा मग, तळहाताएवढे. ती म्हणाली, "दो हफ़्ते पहले कहते तो छाप देते. मुझे तो वो आइडिया बहुत अच्छा लगता."

तिचा आवाज चढला नाही. चौतीस वर्षं ज्या आवाजात मी लोकांना 'आपला अर्ज विचारात घेता येत नाही' असं सांगत आलो, तोच आवाज होता. समोरच्या खुर्चीत बसून तो पहिल्यांदा ऐकला. मला फार लाज वाटली.

विजयाचं नाव काढलं. प्रदर्शन सात जणांचं होणार.

घरी येऊन तिला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटत राहिली. म्हणाली, "निवेदनाची एक प्रत मला द्या." मी दिली. तिने वाचली आणि कपाटात आपल्या साड्यांखाली ठेवली.

२० डिसेंबर, शनिवार

विजया आज पानिपतला निघाली, नागपूरहून आल्यापासून पहिल्यांदा. मी विचारलं, येऊ का? ती म्हणाली, "या, पण मध्ये मध्ये बोलू नका."

धुक्यामुळे गाडी दोन तास उशिरा पोचली. इशरतचं घर म्हणजे दोन खोल्या, आणि पुढच्या खोलीभर माग. बसायला तिने मागाशेजारीच जागा केली. मी रस्ताभर हिंदीत वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते म्हणालो. क्षमा मागितली. ती हसली. "साहब, अब्बा उस उँगली का बड़ा मज़ाक करते थे. कहते थे, दरी ने अपना किराया ले लिया. आपने तो लौटा दिया." मग हसणं थांबवून म्हणाली, "पर वो मेरे अब्बा नहीं थे."

विजयाने पर्समधून पाकीट काढलं. एकशे नव्याण्णव केबीचा तोच फोटो, पोस्टकार्डाएवढा छापलेला. त्याहून मोठा निघत नाही, तिने करून पाहिलंय. इशरतने खिडकीपाशी नेऊन बघितला. बराच वेळ बघितला. पुसट आहे, पण हात त्यांचाच आहे. तिने तो फोटो आईला दाखवायला आत नेला, आणि आतून रडण्याचा आवाज आला. विजया माझ्याकडे बघत नव्हती.

मग इशरत मागावर बसली आणि विजयाने कॅमेरा काढला. मी कोपऱ्यात बसून राहिलो. अकरा वर्षांत तिला फोटो काढताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती फोटो काढतच नाही बराच वेळ. नुसती बसते, चहा पिते, पोरांची चौकशी करते, धागा तुटला तर बघते. तासाभरात पाच वेळा बटण दाबलं असेल. म्हणजे नऊ हजार सहाशे चाळीस वेळा दाबायला किती बसली असेल, हा हिशोब मी तिथे बसून करत होतो आणि तो मला पूर्ण करवेना.

परत यायला सात वाजले. आल्या आल्या तिने संगणक लावला आणि आजचं कार्ड उतरवायला घेतलं. एक नाही, दोन नव्या डिस्क होत्या. एकीवर उतरवलं, मग दुसरीवर. दुसरी काढून तिने रुमालात गुंडाळली आणि खोलीबाहेर घेऊन गेली. परत आली तेव्हा हात रिकामे होते.

मी विचारलं, "ती कुठे ठेवलीस?"

"तुम्हाला नाही सांगणार," ती म्हणाली, आणि मला जेवायला वाढलं.